मांजरसुंब्याहून विद्यापीठ किती दूर?

बीडहून दक्षिणेला निघालेला महामार्ग घाट चढून बालाघाटाच्या माथ्यावर आला की मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. नेकनूर, लिंबागणेश, चौसाळा ही आसपासची गावे. जवळच मन्मथस्वामींचे कपिलधार. या टापूतल्या माणसाला तालुक्याला, जिल्ह्याला किंवा पुण्या-सोलापूरला जायचे असो, बहुतेक वेळा याच चौकात उभे राहून गाडीची वाट पाहावी लागते. बीड शहरापर्यंत रेल्वे पोचली तीच मुळी २०२५च्या सप्टेंबरात. त्यामुळे या भागात शिक्षणाचा प्रश्न पिढ्यानपिढ्या अंतराचा आणि रस्त्याचा प्रश्न राहिला आहे.

आज हे अंतर मिटल्याची जाहिरात मोबाइलवर रोज दिसते. घरबसल्या पदवी, हप्त्याने फी, नोकरी सांभाळून शिक्षण. बारावी झालेला मुलगा, लग्न होऊन आलेली सून, पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण यांच्यापुढे प्रश्न येतो, तो ‘हा ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्याला चालेल का?’ असा. प्रश्न नवा वाटतो, पण त्याच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे मांजरसुंब्याच्या चौकातून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दूरशिक्षण जिथे टिकले तिथे ते विद्यार्थ्याच्या जवळ असलेल्या काही गोष्टींच्या आधारावर टिकले. आणि जिथे सगळेच दूर राहिले तिथे ते नावापुरते उरले. म्हणून आजच्या निर्णयाची कसोटीही त्या जवळच्या गोष्टींमध्येच शोधावी लागते.

परीक्षेचे दार

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन विद्यापीठांची स्थापना १८५७ची. तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारली होती. सुरुवातीला ती शिकवत नसत; संलग्न महाविद्यालयांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी वाटणी होती. म्हणजे विद्यापीठ हे तत्त्वतः परीक्षा घेणारे मंडळच होते. असे असताना एखाद्याने घरी अभ्यास करून परीक्षा दिली तर काय बिघडले असते? पण मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातच अट होती की, सिनेटने खास परवानगी दिली नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला आणल्याशिवाय कोणालाही बी. ए.च्या परीक्षेला बसता येणार नाही.

योगायोग असा की, पुढच्याच वर्षी, १८५८मध्ये, ज्याचा नमुना घेतला त्या लंडन विद्यापीठाने ही अट काढून टाकली. महाविद्यालयात न जाता परीक्षा देण्याची मुभा मिळाली आणि काही वर्षांतच ब्रिटनबाहेरही परीक्षाकेंद्रे सुरू झाली. बहिःस्थ विद्यार्थी या कल्पनेचा हा उगम. विद्यार्थी कुठेही असो, परीक्षेचे केंद्र त्याच्या आवाक्यात असले पाहिजे, हे त्यात गृहीत होते. आपल्याकडे मात्र दाखल्याची अट राहिली आणि पदवीचा रस्ता महाविद्यालय असलेल्या शहरातूनच जात राहिला.

बीड जिल्ह्याला तर मुंबई विद्यापीठही परके होते. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथले उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता यात शंका नाही. पण मराठी घरातल्या मुलाला त्यासाठी सुमारे चारशे किलोमीटर दूर जावे लागे आणि दुसऱ्या भाषेत शिकावे लागे. औरंगाबादला १९२३मध्ये सरकारी महाविद्यालय निघाले, तेव्हा अंतर थोडे घटले. जिल्ह्यातच मराठी शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली ती अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयासारख्या शाळांनी. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ या शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा जवळ होती, पण महाविद्यालय दूर होते. अशा काळात अभ्यासक्रम आपल्याला चालेल का, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या वाट्याला येतच नसे. जाता येते का, एवढाच प्रश्न होता आणि बहुतेकांसाठी त्याचे उत्तर नकारार्थी होते.

महाविद्यालय आले, पण कोणापर्यंत?

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. बीड शहरात १९६०मध्ये बलभीम महाविद्यालय निघाले. मांजरसुंब्याहून बीड वीसेक किलोमीटर. चारशे किलोमीटरचे अंतर वीसवर आले, ही एका पिढीतली क्रांतीच होती.

तरीही वीस किलोमीटर सगळ्यांसाठी सारखे नसतात. बारा महिने घरी राहणाऱ्या आणि एसटीचा पास काढू शकणाऱ्या मुलाला ते जवळ; रोजंदारीवर जाणाऱ्याला, लहान मूल असलेल्या बाईला ते दूर. आणि बीड जिल्ह्यात आणखी एक वर्ग आहे, ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. महाविद्यालयाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ऐन अभ्यासाच्या महिन्यांत गावातली घरे कुलूपबंद होतात. इथे अडचण अंतराची जितकी, तितकीच वेळापत्रकाची आहे.

वेळेची ही अडचण बाबासाहेबांनी मुंबईत फार आधी ओळखली होती. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. अभ्यासक्रम तोच, पदवी तीच. फक्त घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीचे. विद्यार्थ्याला वेळापत्रकात बसवण्याऐवजी वेळापत्रक विद्यार्थ्याभोवती बसवायचे, ही दृष्टी पुढच्या सगळ्या मुक्त शिक्षणाच्या मुळाशी आहे.

शाळेच्या पातळीवर अशीच एक सोय ग्रामीण महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. शाळा सुटलेल्या मुलाने ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून दहावी-बारावीला बसायचे. आपल्याकडे बहिःस्थ हा शब्द कागदावर राहिला. लोकांच्या तोंडी ‘सतरा नंबर’ आहे. या वाटेने अनेकांची अडलेली गाडी पुढे गेली. पण तिथे मिळते ती केवळ परीक्षा. शिकवणारे कोणी नाही, अडले तर विचारायला कोणी नाही. मग गाईड आणि क्लास ही पर्यायी व्यवस्था आपोआप उभी राहते आणि ज्याला क्लास परवडत नाही तो पुन्हा मागे पडतो.

पोस्टातून आलेले धडे

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालयांत जागा अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा पत्रद्वारा शिक्षणाचा विचार पुढे आला. दिल्ली विद्यापीठाने १९६२मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने तर १९८६पर्यंत उच्च शिक्षणातले किमान एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि संध्याकाळच्या महाविद्यालयांतून शिकावेत, असे सुचवले. मुंबई विद्यापीठाने १९७१मध्ये आपले पत्रद्वारा शिक्षण सुरू केले.

या पद्धतीत छापील धडे पोस्टाने येत. विद्यार्थ्याने स्वाध्याय लिहून पाठवायचे आणि शिक्षकाने शेरे लिहून परत करायचे, अशी मूळ कल्पना. पत्रद्वारा शिक्षणाचा सगळा प्राण या परतीच्या टपालात आहे. धडा जाणे सोपे असते. तो एकदा छापला की हजारोंना पाठवता येतो. परत आलेला प्रत्येक स्वाध्याय मात्र कोणीतरी वाचावाच लागतो, आणि त्याला माणूस लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. जिथे संस्थेने काटकसर केली तिथे याच ठिकाणी केली. मग पत्रद्वारा शिक्षण एकेरी झाले. धडे यायचे, परीक्षा यायची, मधला संवाद गळून पडायचा. अशा विद्यार्थ्याची स्थिती सतरा नंबरवाल्यापेक्षा फारशी वेगळी राहत नसे. फक्त कपाटात पुस्तके जास्त.

मुक्त विद्यापीठ आणि रविवारचा वर्ग

ब्रिटनमध्ये हॅरल्ड विल्सन यांनी १९६३मध्ये ‘हवेतल्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली, तेव्हा डोळ्यांपुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणी होती. १९६९ साली तिथले मुक्त विद्यापीठ सनद घेऊन उभे राहिले आणि १९७१मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी शिकायला सुरुवात केली. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नव्हती. प्रत्यक्ष उभारणीत मात्र नुसत्या प्रक्षेपणावर विसंबून चालले नाही. छापील पाठ, स्वाध्याय तपासणारे शिक्षक, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि उन्हाळी निवासी वर्ग यांची जोड द्यावी लागली. यंत्राने आवाज घरापर्यंत नेला; विद्यार्थ्याला टिकवून धरायला माणसे लागली.

भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२मध्ये हैदराबादेत सुरू झाले. ज्या शहरात जाण्यावाचून एकेकाळी मराठवाड्यातल्या मुलाला गत्यंतर नव्हते, त्याच शहरातून विद्यापीठाने विद्यार्थ्याकडे जाण्याचा प्रघात सुरू व्हावा, हा इतिहासातला बोलका योग आहे. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी १९८५मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू झाले. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीद.

ब्रीदात घर असले तरी रचनेत महत्त्वाचे होते ते अभ्यासकेंद्र. गावातल्या, तालुक्यातल्या नेहमीच्या महाविद्यालयातच हे केंद्र चालायचे. सुटीच्या दिवशी तिथे संपर्कसत्रे भरायची आणि तिथल्या शिक्षकाला ‘समंत्रक’ असे नवे नाव मिळाले. शिकवायचे काम स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकाने करायचे, समंत्रकाने अडलेले सोडवायचे, धीर द्यायचा. दहावी-बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रम ठेवून पदवीचे दार उघडले गेले. एसटीचे कर्मचारी, पोलीस, अंगणवाडीच्या ताई, शाळा सुटलेल्या गृहिणी हे विद्यापीठाचे विद्यार्थी झाले. रविवारी महाविद्यालयाच्या बाकावर आई बसलेली आणि सोमवारी त्याच बाकावर तिची मुलगी, हे आता शक्य झाले.

त्रुटी याही व्यवस्थेत शिरल्या. अभ्यासकेंद्र चांगले असेल तिथे समंत्रक भेटतो. नसेल तिथे केंद्र म्हणजे फॉर्म भरण्याची आणि परीक्षेचे हॉलतिकीट मिळण्याची खिडकी. विद्यापीठ एकच, पुस्तक एकच, तरी दोन गावांतल्या दोन विद्यार्थ्यांना मिळालेले शिक्षण वेगळे. म्हणून त्या काळातही जाणती माणसे केंद्राची चौकशी करत, आणि ती चौकशी विद्यापीठाच्या नावाइतकीच महत्त्वाची होती.

पडद्यावरचे महाविद्यालय

जुलै २०१७मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. त्याच्या रचनेत चार भाग आहेत. व्हिडिओ व्याख्यान, छापून घेता येणारे वाचनसाहित्य, स्वतःची पारख करण्याच्या चाचण्या आणि शंका विचारण्याची चर्चेची जागा. पत्रद्वारा शिक्षणातला धडा, स्वाध्याय आणि परतीचे टपाल यांचीच ही नवी रूपे आहेत, हे सहज ध्यानात येते. २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम केले, २०२०मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन यांची एकत्र नियमावली आली. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, हे आयोगाने २०२२मध्ये स्पष्ट केले.

पडद्याच्या मर्यादाही याच काळात मोजल्या गेल्या. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम ३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे गरज आणि गुंतवणूक असलेल्यांतही निम्म्याहून अधिक लोक वाटेत थांबले. जगातली नामांकित व्याख्याने हाताशी असूनही असे झाले. चांगले व्याख्यान मिळणे आणि शिक्षण पुरे होणे यांत बरेच अंतर असते, हे परतीच्या टपालाने आधीच शिकवले होते.

आपल्याकडे त्यात साधनांचा प्रश्न मिसळतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेट होते. त्यानंतर स्वस्त डेटा आणि स्मार्टफोन यांनी इंटरनेटचे चित्र पुष्कळ बदलले, पण घरात एकच फोन आणि तो कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर, ही स्थिती २०२०च्या टाळेबंदीत अनेक गावांनी अनुभवली. फोनवर व्याख्यान ऐकता येते. दहा पानी निबंध लिहिता येईलच असे नाही.

दुसरा धोका मान्यतेचा. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगी न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७मध्ये स्थगित केल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्याची संधी दिली. पदवी हाती येऊन, नोकरी लागून, बढती मिळून बारा-पंधरा वर्षे लोटलेल्यांवर ही वेळ आली. संस्थेच्या चुकीची किंमत विद्यार्थ्याने मोजली. आज अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा आणि शेती या विषयांतल्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन देण्यास आयोगाची मनाई आहे; २०२५पासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयही त्यात आले. यादी बदलत राहते, हे विशेष लक्षात ठेवायचे.

चौकातली कसोटी

या साऱ्यातून मांजरसुंब्याच्या टापूतल्या एखाद्या घराने काय घ्यावे? पहिली चौकशी मान्यतेची. संस्था नावाजलेली आहे एवढे पुरेसे नाही. त्या अभ्यासक्रमाला, त्या पद्धतीने शिकवायला, ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा त्या सत्रासाठी आयोगाची मंजुरी आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहता येते. दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम दुसऱ्या कोणाला चालवायला देण्यास बंदी आहे. त्यामुळे बसस्थानकाजवळचा एखादा गाळा कुठल्याशा लांबच्या विद्यापीठाच्या नावाने फी घेत असेल तर तिथून परत फिरावे. ज्या नोकरीसाठी पदवी हवी, तिच्या भरतीच्या जाहिरातीतली अर्हता आधी वाचावी आणि मग अभ्यासक्रम निवडावा.

दुसरी चौकशी परीक्षेची. ती कुठे, कोणत्या महिन्यात, केंद्रावर की घरून? ‘स्वयम्’च्या बहुतेक अभ्यासक्रमांची अंतिम परीक्षाही ठरलेल्या केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. लंडनने १८५८नंतर परीक्षाकेंद्राला जे महत्त्व दिले ते आजही सरलेले नाही. इथेच ऊसतोडीचे वेळापत्रक आड येते. वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात असेल तर फडावरून परतलेल्याला ती देता येते. सत्र पद्धतीत डिसेंबर-जानेवारीत परीक्षा असेल तर तो त्या वेळी दोनशे किलोमीटरवर कोपीत असतो, आणि उचल फिटेपर्यंत निघता येत नाही. अशा तरुणाच्या बाबतीत अभ्यासक्रमाचा दर्जा नंतर पाहायचा. आधी त्याची दिनदर्शिका भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी धरून पाहायची.

तिसरी चौकशी माणसाची. अडले तर कोणाला विचारायचे आणि उत्तर किती दिवसांत येते? शंका मराठीत विचारता येते का? संस्थेत समंत्रक नसेल तर गावात कोणी आहे का, निवृत्त शिक्षक, त्याच विषयाचा पदवीधर, निदान बरोबर शिकणारा एखादा? दोघांनी मिळून घेतलेला अभ्यासक्रम एकट्याने घेतलेल्यापेक्षा पुरा होण्याची आशा अधिक, हे रविवारच्या संपर्कसत्रांत बसलेल्या कोणीही सांगेल.

चौथी चौकशी स्वतःची, आणि ती करायला पैसे लागत नाहीत. ‘स्वयम्’वर नाव नोंदवणे मोफत आहे. आपल्याला घ्यायच्या विषयाजवळचा एखादा अभ्यासक्रम निवडून चार आठवडे ठरलेल्या वेळी बसून पाहावे. व्याख्याने ऐकून भागत नाही. चाचण्या सोडवाव्यात, दोन पाने लिहून कोणाला तरी दाखवावीत. चार आठवड्यांत तीनदा खंड पडला तर तो का पडला, हे लिहून ठेवावे. फोन मिळाला नाही, काम आले, कंटाळा आला, समजले नाही. ही चार कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिल्या दोहोंवर घरात बोलून तोड निघू शकते. शेवटचे कारण असेल तर बीडच्या नेहमीच्या महाविद्यालयाचा किंवा सुटीच्या दिवशी भरणाऱ्या अभ्यासकेंद्राचा विचार आधी करावा.

या चौकशा करण्याचे ओझे आज विद्यार्थ्यावर पडले आहे. पूर्वी दाखल्याची अट, भाषा आणि रस्ता यांनीच निर्णय करून टाकला होता; आता निवड आहे आणि निवडीबरोबर फसण्याची शक्यताही आहे. हे ओझे एकट्या अठरा वर्षांच्या मुलावर टाकणे न्यायाचे नाही. कनिष्ठ महाविद्यालये, ग्रामपंचायतींची वाचनालये, तालुक्याची महाविद्यालये यांनी बारावीच्या निकालानंतरचे दोन आठवडे अशा चौकशीसाठी एक खोली, एक संगणक आणि एक जाणता माणूस ठेवला तरी पुष्कळ साधेल. मराठवाड्यात महाविद्यालय जवळ आणायला एका पिढीने आयुष्य वेचले. पुढच्या पिढीला ऑनलाइन महाविद्यालय निवडायचे असेल तर विचारायला कोणी जवळ असावे, एवढी सोय चौकातल्या गावाला करता येण्यासारखी आहे.